टाय-इनचा शेवटचा अंक जोखायचा कसा?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता आहे. सुपरहिरो कॉमिक्समधल्या टाय-इन मालिकांचे शेवटचे अंक मी त्यात एकेक करून नोंदवले होते. त्यात एक रकाना होता : ‘शेवट पूर्ण होतो का? हो / नाही.’ गाइड मॅडमनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, “इथे ‘हो’ आलं म्हणजे अंक चांगला का?” त्या एका प्रश्नापायी मला सगळे अंक पुन्हा वाचायला लागले. त्यातून काय निघालं ते आज सांगतो. (पुढे शेवट फोडले आहेत, आधीच सांगून ठेवतो.)

आधी टाय-इन म्हणजे काय ते बघू. टीव्हीवरचे ‘महासंगम’ भाग तुम्ही पाहिले असतील, दोन मालिकांमधली माणसं एकाच लग्नाला जमतात ते. अमेरिकेत मार्व्हल आणि डीसी हे कॉमिक्समध्ये फार मोठ्या प्रमाणावर करतात. एका मुख्य मालिकेत जग हादरवणारी घटना घडते, आणि त्याच काळात इतर पात्रांवर काय बेतलं ते सांगणाऱ्या छोट्या मालिका शेजारी निघतात. त्या टाय-इन. गोम अशी की मोठ्या घटनेचा निकाल लावायचा हक्क फक्त मुख्य मालिकेला. टाय-इनच्या लेखकाला शेवट लिहायचा तर असतो, पण सगळ्यात मोठा शेवट त्याच्या हातात नसतो.

डीसीचं ‘फ्लॅशपॉइंट’ घ्या. साल २०११, मुख्य मालिका पाच अंकांची, आणि भोवती तीन-तीन अंकांच्या डझनाहून जास्त मालिका. ॲक्वामॅन आणि वंडर वुमन यांच्या युद्धावर दोघांच्याही वेगळ्या टाय-इन होत्या, पण युद्धाचं पुढे काय होतं ते कळायला ‘फ्लॅशपॉइंट’चा पाचवा अंकच घ्यायला लागायचा. माझ्या रकान्यात अशांना सरसकट ‘नाही’. वाचक म्हणून मला ते पटतही होतं. तीन अंकांचे पैसे मोजायचे आणि शेवटच्या पानावर पुढच्या दुकानाचा पत्ता मिळायचा, हा काय प्रकार!

याच गठ्ठ्यात ब्रायन अझारेलो आणि एदुआर्दो रिस्सो यांची ‘बॅटमॅन : नाइट ऑफ व्हेंजन्स’ आहे. या जगात त्या गल्लीत गोळी लागून मेला तो लहानगा ब्रूस. बाप थॉमस वेन बॅटमॅन झालाय आणि आई मार्था जोकर. तिसऱ्या अंकात थॉमस तिला सांगतो की जग बदलता येईल, त्यात आपण मरू पण मुलगा जगेल. ती तयार होते. मग विचारते, त्याचं पुढे काय होतं? तो बापाच्याच वाटेने जातो हे कळल्यावर ती हादरून पळत सुटते आणि गुहेत पडून मरते.

जगाचं काय होणार हे या अंकात ठरत नाही. मार्थाच्या मरणाने मुख्य कथेत काडीचाही फरक पडत नाही. पण या नवरा-बायकोत जे व्हायचं होतं ते इथेच, त्यांच्याच तोंडून होतं. शिवाय हा अंक पाचव्या अंकाच्या आधी, ऑगस्ट २०११मध्येच आला होता. त्यामुळे पाचव्या अंकात थॉमसने लिहिलेलं पत्र खऱ्या जगातला ब्रूस वाचतो, तेव्हा ते नुसतं एका बापाचं पत्र राहत नाही. ते लिहिणाऱ्याला आईचं काय झालं तेही माहीत आहे, आणि आपल्यालाही.

आता उलटं उदाहरण. मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’ची टाय-इन, पॉल जेन्किन्सची ‘फ्रंट लाइन’, अकरा अंक. सुपरहिरोंचं युद्ध रस्त्यावरच्या माणसांना कसं दिसतं, ते बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड या दोन पत्रकारांच्या नजरेतून सांगायचं, ही कल्पनाच झकास. माझ्या रकान्यात २००७च्या शेवटच्या अंकाला ठसठशीत ‘हो’, कारण सगळे धागे बांधलेले. तरी वाचक आजही ज्याची टर उडवतात तो हाच अंक. तुरुंगातल्या कॅप्टन अमेरिकाला सॅली विचारते, मायस्पेस काय असतं ते तुला ठाऊक आहे का? नॅस्कारची शर्यत शेवटची कधी पाहिलीस? तुला आजचा देश कळत नाही, असा तिचा एकंदर सूर. आणि तो जवळजवळ गप्प.

त्याच अंकात दोघांना टोनी स्टार्कच्या कारस्थानाचा पत्ता लागलेला असतो, आणि ते ती बातमी दाबतात.

मला आधी वाटायचं की चूक मायस्पेसची आहे. ती नाही. कॅपने शरण जाणं मुख्य मालिकेच्या सातव्या अंकात ठरलेलं होतं, पुढच्या कथांमध्ये स्टार्क सत्तेवर असणार हेही ठरलेलं होतं. जेन्किन्सला ते बदलता येणार नव्हतं. पण सॅली काय बोलेल, ते दोघं बातमीचं काय करतील, एवढं तर टाय-इनचंच होतं ना? दहा अंक ज्यांना आपण सामान्य माणसाचे डोळे समजत होतो, तेच शेवटी मुख्य मालिकेची वकिली करायला लागले. धागे बांधले गेले खरे, पण दुसऱ्याच्या गाठीने.

म्हणून तो रकाना मी काढला. आता तिथे दोन प्रश्न आहेत : या मालिकेने स्वतः कुठला प्रश्न उभा केला होता? आणि त्याचं उत्तर तिच्याच पात्रांनी दिलं, की वरून आलं? तिसरी नोंद वाचनक्रमाची. मार्व्हलच्या २०१५च्या ‘सीक्रेट वॉर्स’ची मुख्य मालिका लांबली आणि जानेवारी २०१६मध्ये संपली; टाय-इन तोवर आटोपल्याही होत्या. तेव्हा दर आठवड्याला दुकानात जाणाऱ्याने वाचलेला शेवटचा अंक आणि आज जाडजूड संग्रहात मी वाचतो तो, यांना एकच गुण कसे द्यायचे, यावर मॅडमशी वाद अजून चालू आहे.

सध्या टेबलावर ‘एम्परर ॲक्वामॅन’चे तीन अंक आहेत. जुन्या रकान्यात त्यांना ‘नाही’ मिळालं होतं.