गाडी सुरू होते, पण लगेच बंद पडते? आधी ‘कधी’ बंद पडते ते बघा!

चावी फिरवली, इंजिन सुरू झालं आणि लगेच गप्प! अशा वेळी बरेच जण बॅटरीला दोष देतात. पण स्टार्टरने इंजिन जोरात फिरवलं, म्हणजे बॅटरीत दम आहे. पेट्रोल गाडीत खरा सुगावा मिळतो तो बंद पडण्याच्या वेळेवरून.

१. दोन सेकंदांत बंद: डॅशबोर्डवर चावीची किंवा कुलपाची खूण लुकलुकतेय का? इमोबिलायझरने चावी ओळखली नाही, तर इंजिन बंद केलं जातं. दुसरी चावी वापरून बघा.

२. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद: आयडलिंगला हवेचं गणित बिघडलंय. थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असू शकते किंवा हवेचा एखादा पाइप चिरलेला, निसटलेला असू शकतो.

३. काही मिनिटं चालून बंद: फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर. थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू होत असेल, तर सेन्सर आधी तपासा.

मेकॅनिकला हे नेमकं सांगितलंत, तर चांगले पार्ट उगाच बदलले जाणार नाहीत. तोवर मात्र गाडी रस्त्यावर काढू नका. धावताना इंजिन बंद पडलं, तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही!