ढब्बू पैसा घासू नका!



पेसाहाची साफसफाई निघाली की जुनी पेटी उघडते आणि तळाशी भारतातून आणलेले चार तांब्याचे पैसे सापडतात. नातवंडं म्हणतात, "आजी, हे काळे का? चकचकीत करूया!" मग आपला हात सवयीने चिंचेकडे जातो. थांबा! चिंच-मीठ भांड्यांना ठीक, नाण्यांना नाही.

नाण्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो वर्षानुवर्षं हवा लागून तयार होतो आणि आतलं तांबं जपतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचं आम्ल तो थर खातं आणि राखेनं अक्षरं झिजतात. नाणं गुलाबी दिसतं, पण जुना रंग गेला तो गेला. संग्राहकही त्याची किंमत कमी धरतात.

मुलांनो, आधी नाणं ओळखा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असेल तर ती शिवराई. दोन सिंहांचं चिन्ह आणि १८३५ साल असेल तर ते ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं, बहुधा पाव आणा. मधे भोक असेल तर तो १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा. युद्धात धातू वाचावा म्हणून भोक ठेवलं होतं! तेव्हा रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे. १०० नवे पैसे झाले ते १ एप्रिल १९५७ पासून.

माती चिकटली असेल तर असं करा:

१. नाणं कडेनं धरा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस भिजवा, पाणी बदलत राहा.

२. सुटलेली माती लाकडी दातकोरणीनं अलगद काढा. सुई, तारेचा ब्रश नको.

३. खडे निघाल्यावरच मऊ टूथब्रश ओला करून हलकेच फिरवा.

४. मऊ कापडानं टिपा, पुसू नका. पूर्ण वाळू द्या.

फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, काही प्लास्टिकमधून आम्ल सुटतं. प्रत्येक नाण्याला कागदी पाकीट बरं.

आजी-आजोबांनो, त्या पाकिटावर लिहा: हा पैसा कोणी आणला, कोणत्या गावाहून, कोणत्या साली. अलिबाग, पेण, रोहा, मुंबई, जे असेल ते. नाण्यावर राजाचं नाव आहे, आपल्या माणसाचं नाही. ते आपणच लिहायचं, आणि नातवंडांसमोर बसून लिहायचं.