लशीने अपाय झाल्यास भरपाई कोणी द्यावी?

लस टोचून घेणे हे जसे आपल्या मुलाच्या रक्षणासाठी, तसेच शेजाऱ्याच्या मुलाच्याही रक्षणासाठी असते. देवीचा रोग जगातून नाहीसा झाला, तो लशीमुळेच. परंतु क्वचित एखाद्या बालकास लशीनेच अपाय झाला, तर त्या घराने दाद कोठे मागावी? अमेरिकेने ह्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, ते आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

इ. स. १९५५ च्या एप्रिलमध्ये डॉ. साल्क ह्यांची बालपक्षाघातावरील लस तेथे सर्वत्र सुरू झाली. कॅलिफोर्नियातील कटर कंपनीच्या काही साठ्यांत रोगाचे जिवंत विषाणू राहून गेले होते. त्यापायी सुमारे २०० जणांना कमीअधिक पक्षाघात झाला व १० जण दगावले. दोन मुलांच्या वतीने कंपनीवर दावा लावण्यात आला. १९५८ साली ज्यूरीने निर्णय दिला की, कंपनीने हयगय केली नाही. तथापि वस्तू निर्धोक असल्याची हमी विक्रीतच अंतर्भूत असते, व ती मोडल्यामुळे भरपाई देणे कंपनीस भाग आहे. १९६० साली वरिष्ठ न्यायालयानेही हा निर्णय कायम केला.

पालकांस वाट मिळाली खरी, पण ती लांबची व खर्चाची होती. पुढे दावे इतके वाढले की, काही कंपन्यांनी लशी करणेच सोडले. पीडित मूल उपेक्षित राहू नये आणि इतर मुलांची लसही बंद पडू नये, म्हणून १९८६ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती टाळते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर घेऊन निधी उभारला जातो. कोणाची चूक होती, हे पालकांस सिद्ध करावे लागत नाही. ठरावीक लशीनंतर ठरावीक मुदतीत ठरावीक विकार झाल्यास, अन्य कारण सिद्ध न झाल्यास, तो लशीमुळेच झाला असे मानतात. विकार त्या यादीत नसेल, तर मात्र कार्यकारणसंबंध पुराव्यानिशी दाखवावा लागतो. कारण टोचल्यानंतर झाले ते टोचल्यामुळेच झाले, असे नेहमी नसते. अपायाचा दावा पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. दावा सद्‌हेतूने व सबळ कारणाने केलेला असल्यास, तो हरला तरी वकिलाचा वाजवी खर्च मिळू शकतो.

ह्यावरून मातापित्यांनी एक बोध अवश्य घ्यावा. टोचणीचे कार्ड, तारीख, साठ्याचा क्रमांक व डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी; काही विपरीत दिसल्यास मुलाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे व त्याची नोंद करवून घ्यावी. जो लाभ सर्व गाव घेतो, त्याची किंमत एकाच घराने मोजावी, हे न्यायाचे नव्हे, असे आम्हांस वाटते.