पाठीवर सॅक घेऊन केरळ: पिंपळे सौदागरहून निघताना

केरळची सहल म्हटली की आपल्या सोसायट्यांमध्ये बहुधा पॅकेजचीच चौकशी होते. सहा दिवस, चार हॉटेलं, दाराशी गाडी. घरातली वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असली की तेच सोयीचं. पण आपण धडधाकट असू आणि सॅक पाठीला लावून अर्धा तास चालायची तयारी असेल, तर केरळ कमी खर्चात, स्वतःच्या तंत्राने फार छान फिरता येतं. तिथली सरकारी बस आणि सरकारी बोट जवळपास सगळीकडे पोचवते. त्यांचा वापर कसा करायचा, ते घरापासून क्रमाने पाहू.

आधी दिवस ठरवावेत. केरळात पाऊस दोनदा येतो. जूनच्या सुरुवातीला येतो तो आपलाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस. दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बहुतेकदा दुपारनंतर, गडगडाट घेऊन येतो. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच सापडते. तेव्हा गेलो तर भटकंती दुपारच्या आत उरकावी.

जून ते ऑगस्टमध्ये मात्र डोंगराळ भागात जाऊच नये, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला इथे दरडी कोसळून शेकडो माणसं गेली. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या आपल्याला याहून जास्त सांगायला नको. पावसाचा मोठा इशारा असला की जिल्हाधिकारी घाटातली रात्रीची वाहतूक थांबवतात. ती अडचण नव्हे, आपल्याच जिवाची काळजी आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वांत चांगली. फक्त नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा असते आणि केरळकडच्या गाड्या अय्यप्पाच्या भक्तांनी भरून जातात.

म्हणून तिकीट वेळेत काढावं. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पुणे–कन्याकुमारी एक्स्प्रेस रोज सुटते; ती सोलापूर, गुंतकल, पालक्काड असा मोठा वळसा घेते आणि एर्णाकुलमला पोचायला एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात. दुसरा रस्ता कोकण रेल्वेचा. पनवेल गाठलं की तिथून नेत्रावती एक्स्प्रेस रोज मिळते. खिडकीतून पाहायची हौस असेल तर हाच घ्यावा.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं; ते न पाहता नेहमीच्या वेळेला स्टेशनवर गेलो तर गाडी चुकते. आणि ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी तयार झाल्यावरही, पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. पैसे परत मिळतात, पण त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही.

आता सॅक. चाळीस लिटरची पुरते. साठ लिटरची घेतली तर ती भरावीशी वाटते आणि मग पाठ बोलू लागते. जड वस्तू पाठीला लागून, मधोमध ठेवाव्यात. कमरेचा पट्टा आवळून बांधावा. वजन खांद्यांवर नव्हे, कमरेवर यायला हवं. भरलेली सॅक घेऊन एकदा कोकणे चौकातून शिवार चौकापर्यंत जाऊन यावं. घरी परतल्यावर आपण स्वतःहूनच चार वस्तू बाहेर काढतो.

जीन्स नेऊ नये. त्या दमट हवेत ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि सगळ्या सॅकला वास लागतो. पटकन वाळणाऱ्या दोन पँट, तीन टी-शर्ट, एक पातळ पंचा, पोंचो आणि फ्लोटर्स एवढं पुष्कळ झालं. मुन्नारच्या थंडीसाठी एक स्वेटर ठेवावा. सॅकला वरून रेनकव्हर असलं तरी कपडे आत प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून मगच भरावेत, कारण पाणी पाठीच्या बाजूने आत येतं. पुरुषांनी एक पांढरी लुंगी ठेवावी. तिथे तिला मुंडू म्हणतात. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू नेसून, उघड्या अंगानेच आत जाता येतं.

पुणे स्टेशनला जायला कासारवाडीहून लोकल सर्वांत भरवशाची. दुपारी मात्र दोन लोकलमध्ये बराच वेळ जातो, तेवढं पाहून निघावं.

एर्णाकुलमला दोन स्टेशनं आहेत: जंक्शन, ज्याला तिथले लोक साउथ म्हणतात, आणि टाउन, म्हणजे नॉर्थ. काही गाड्या एकावरच थांबतात. आपलं तिकीट कुठलं आहे ते पाहूनच राहायची सोय करावी. आणि कोचीत न थांबता थेट मुन्नारला जायचं असेल, तर अलुवाला उतरावं. मुन्नारच्या पुष्कळ बस तिथूनच मिळतात.

मुक्कामांबाबत माझं मत पक्कं आहे. आठ-दहा दिवस असतील तर तीनच ठिकाणं निवडावीत: फोर्ट कोची, मुन्नार, आलप्पुळा. चौथं घातलं की निम्मे दिवस बसमध्येच जातात.

फोर्ट कोचीला एर्णाकुलमहून बोटीने जावं. जलवाहतूक खात्याची जुनी बोट आहे आणि एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोचीही फेरी आहे. शेजारच्या मट्टनचेरीत आपल्या ओळखीची भाषा कानावर पडते. पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ती वस्ती, आणि तिथल्या घरांत कोकणी अजून बोलली जाते. याच कोचीत डच गव्हर्नर व्हान रीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा वनस्पतींचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र आहे. हे ठाऊक असलं की त्या गल्ल्यांतून पाय लवकर निघत नाही.

बसकडे वळू. केरळच्या एसटीचं नाव केएसआरटीसी. साध्या बसची पाटी बहुधा मल्याळममध्येच असते. त्यामुळे पाटीकडे बघत उभं राहू नये, ड्रायव्हर-कंडक्टरला गावाचं नाव सांगून विचारावं. पुरुषाला ‘चेट्टा’, बाईला ‘चेच्ची’ म्हणावं. आपल्या दादा-ताईसारखंच आहे. बसच्या पुढच्या भागात बायकांच्या जागा राखीव असतात आणि तो नियम तिथे मनापासून पाळतात. सुटे पैसे जवळ असावेत. हरताळ, म्हणजे आपला बंद, जाहीर झाला तर त्या दिवशी प्रवासाचा बेतच करू नये.

मुन्नारचा घाट नेरियमंगलमच्या पुढे लागतो. बस लागत असेल तर पुढची जागा धरावी. वर पोचल्यावर आपल्या ट्रेकर मंडळींचं हमखास चुकतं ते हे: राजगडावर जातो तसं तिथे मनाला येईल त्या वाटेने जंगलात शिरता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते, बहुतेक ठिकाणी त्यांचाच वाटाड्या घ्यावा लागतो. दाट धुक्यात हत्ती दहा पावलांवर असला तरी दिसत नाही, तेव्हा हा नियम मोडू नये. एरविकुलम राष्ट्रीय उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. नीलगिरी ताहर या डोंगरी बकऱ्यांच्या विणीचा तो काळ. आनमुडी हे २६९५ मीटरचं दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर याच उद्यानात आहे. ओल्या रानातून चालताना जळवा चढतात. ओढून काढू नयेत, चिमूटभर मीठ लावलं की गळून पडतात.

जेवणाची काळजी नको. दुपारी ‘ऊण’ मागावं, म्हणजे आपली राइसप्लेट. भात लालसर, जाड दाण्याचा असतो. त्याला मट्टा म्हणतात. वाढणारा थांबत नाही. पुरे झालं की ‘मदि’ म्हणावं. पाणी कोमट आणि गुलाबी आलं तर दचकू नये. पथिमुखम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून ते उकळलेलं असतं, आणि प्रवासात पोटाला उकळलेलं पाणीच चांगलं.

मुन्नारहून बसने कोट्टयमला उतरावं आणि तिथून आलप्पुळाला बोटीने जावं. या प्रवासात एकच गोष्ट करायची ठरवली तर ती हीच करावी. हाउसबोटीला लोक हजारो रुपये मोजतात. त्याच पाण्यातून ही सरकारी बोट शहरातल्या बसच्या भाड्यात नेते. वेळ लागतो अडीच तासांच्या आसपास. सुरुवातीला कालवा इतका अरुंद की दोन्ही काठांवरची घरं हाताशी येतात. पायरीवर बसून भांडी घासणारी बाई मान वर करून बघते आणि पुन्हा कामाला लागते. कालव्यावरचा छोटा पादचारी पूल दोरीने वर उचलतात, बोट जाऊ देतात, पुन्हा खाली सोडतात. दप्तरं सांभाळत पोरं धक्क्यावरून आत उड्या मारतात. मग एकदम वेंबनाड तलाव उघडतो. पुढे कुट्टनाडात बोट वर आणि बांधापलीकडची भातशेती खाली दिसते, कारण ती शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. पाणी उपसून, बांध घालून ती पिकवली जातात.

कालव्यात जलपर्णी माजली की ही बोट कोट्टयमपर्यंत येत नाही. पवनेत दरवर्षी पसरते, तीच ही वनस्पती. अशा वेळी शहराबाहेरच्या कांजिरम धक्क्यावरून बोट धरावी लागते. म्हणून आदल्या दिवशीच चौकशी करावी.

आलप्पुळाला बोटीचा धक्का आणि एसटी स्टँड जवळजवळ आहेत, रेल्वे स्टेशन मात्र लांब, समुद्राच्या बाजूला. परतीच्या तिकिटात आणखी एक मेख आहे. एर्णाकुलमच्या दक्षिणेला रेल्वेचे दोन फाटे होतात, एक कोट्टयमवरून, दुसरा आलप्पुळावरून. नेत्रावती आलप्पुळाला थांबते. कन्याकुमारी–पुणे एक्स्प्रेस कोट्टयमवरून जाते, त्यामुळे तिचं तिकीट असेल तर आधी एर्णाकुलमला यावं आणि तिथेच गाडी धरावी.