हौदा भरला म्हणजे गाडी भरली का?



भाताची झोडणी आटोपली की आपल्या अंबरनाथ, बदलापूर, वांगणीकडच्या गावांतून पिकअप गाड्यांची ये-जा वाढते. कुणाचं भात गिरणीवर चाललेलं असतं, कुणाचा पेंढा तबेल्याकडे. भाजीवाल्यांची गाडी तर पहाटेच कल्याणच्या बाजार समितीत नाहीतर उल्हासनगरच्या बाजारात पोचायची असते. गाडी बहुधा भाड्याची. एका खेपेत काम उरकावं म्हणून माल चढतच राहतो. हमाल म्हणतो, "दादा, अजून चार पोती बसतात की!" आपणही म्हणतो, बसतात तर टाक.

बसतात हे खरे. पण गाडीला ती पेलतात का, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर हौद्यात नसते, गाडीच्या कागदात असते.

नोंदणीच्या पुस्तकात, म्हणजे आताच्या आर.सी. कार्डावर, दोन आकडे असतात. एक गाडीचे रिकामे वजन आणि दुसरा मालासकट एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा करा. समजा एकूण वजन 2,900 किलो आहे आणि रिकामे 1,600 किलो, तर राहिले 1,300. पण हे सगळे मालाचे नव्हे बरं का! रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर, तुम्ही आणि एक गडी, असे तिघांचे 200 किलो काढा. मालाला उरले 1,100. हौद्यावर मागाहून लोखंडी जाळी किंवा वरचा सांगाडा बसवला असेल, तर त्याचेही वजन यातूनच जाते.

दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. बाजारात 1,300, 1,500 आणि 1,700 किलो मालाच्या पिकअप मिळतात आणि लांबून त्या सारख्याच दिसतात. 'छोटा हत्ती' म्हणून जी लहान गाडी 2005 सालापासून फिरते आहे, ती तर साडेसातशे किलोच्या आसपासचीच. तिच्यात पिकअपचा माल भरला तर काय होईल, ते सांगायला नको.

आता 1,100 किलो म्हणजे किती, ते पाहू. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची होती, 2018 पासून 45 किलोची झाली. अशा 24 गोण्या. भाताचे पोते 60 किलोचे धरले तर 18. विटा तीन किलोच्या असल्या तर साडेतीनशेच्या वर नकोत. पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे एक हजार किलो, आणि ती अर्धवट भरली तर वळणावर आतले पाणी एका बाजूला धावते, ते वेगळेच.

रेतीचा हिशेब ऐकून पुष्कळांना नवल वाटते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. कोरड्या रेतीचे त्याचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते, ओली असली तर आणखी जास्त. म्हणजे आपल्या गाडीची मजल पाव ब्रासपर्यंत. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात पाव ब्रास रेती पसरली तर जेमतेम सहा इंचांचा थर होतो. वीतभरही नाही! डोळ्याला गाडी रिकामीच वाटते आणि ती मात्र पुरी भरलेली असते. शेणखताचेही तसेच. उन्हाळ्यात वाळलेले खत आणि पाऊस पडून गेल्यावरचे खत यांत फार फरक पडतो. ओले असेल तर हौदा कमीच भरावा.

काहीजण म्हणतात, "आम्ही गॅरेजात दोन पाटे वाढवून घेतलेत, आता दोन टन न्या." हा मोठा गैरसमज. पाटे वाढवले की गाडी मागे बसत नाही, एवढेच. ब्रेक तेच राहतात, टायर तेच, मागचा आस आणि बेअरिंगही तीच. उलट गाडी दबलेली दिसत नाही म्हणून आपण आणखी फसतो. वजन दीडपट झाले की त्याच वेगातून थांबताना ब्रेकमध्ये उष्णताही दीडपट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. बारवी धरणाकडच्या उतारावर किंवा माळशेज उतरताना पाय सारखा ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापून पकडेनासे होतात. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. हवा कमी असलेला टायरही असाच आतून तापतो आणि फुटतो. हवा गाडी थंड असताना, कंपनीने भरल्या गाडीसाठी सांगितली आहे तेवढी भरावी.

माल कसा रचला, यावरही पुष्कळ आहे. जड पोती खाली, केबिनच्या बाजूला लागून ठेवा. सगळे ओझे फाळक्याकडे गेले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागते. असे वाटले तर वजन कागदापेक्षा कमी असले तरी गाडी थांबवून माल पुढे सरकवा. पेंढ्याचे उलटे आहे. तो वजनात बसतो, पण उंच जातो. अशी गाडी वळणावर कलंडते, आणि गावातल्या विजेच्या तारा विसरू नका.

मालावर माणसे बसवू नयेत. बायामाणसे, पोरे बाजाराला निघालीत म्हणून वर चढवतात. गाडी उलटली तर आधी तीच खाली येतात, आणि विम्याची भरपाई मिळताना मोठी अडचण येते.

दंडाचे पाहिले तर मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. जादा वजनाला 20,000 रुपये, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवायचा खर्चही आपलाच. दुसऱ्या खेपेचे भाडे याच्यापुढे किती होते, ते ज्याने त्याने मोजावे.

अंदाजावर विश्वास नसेल तर वजनकाट्यावर जा. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला काटे आहेत. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या, मग फक्त मागची चाके. मागे किती पडले ते कळते. आपल्या पोत्यांनी, आपल्या करंड्यांनी एकदा असे वजन केले की पुढे दरवेळी जावे लागत नाही. तो आकडा केबिनमध्ये खडूने लिहून ठेवावा.

गाडी निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर एकदा थांबून दोर पाहावा. पोती खाली बसतात आणि दोर सैल पडतो. त्याच वेळी चाकाच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग गेली आहे. मिस्त्रीला दाखवूनच पुढे जावे.