धिरड्याहून सपाट कॅन्सस!

कुत्रा पळून गेला तर काय कराल? शोधायला धावाल. कॅन्ससचा माणूस म्हणे दारात खुर्ची टाकून स्वस्थ बसतो. का? तर तीन दिवस झाले तरी पळणारा कुत्रा त्याला दिसतच असतो!

अमेरिकेच्या मधोमध असलेल्या या गव्हाच्या राज्याची अशी थट्टा कित्येक वर्षे चालू आहे. मोटारीने पश्चिम कॅन्सस ओलांडणारा प्रवासी तासन् तास सरळ रस्ता आणि धान्याची कोठारे बघून कंटाळतो आणि पुढच्या गावी पोहोचला की एखादा नवा विनोद सोडून देतो.

२००३ मध्ये तर शास्त्रज्ञांनीच या थट्टेत हात धुऊन घेतले. टेक्सास आणि ॲरिझोनातल्या तीन भूगोलतज्ज्ञांनी उपाहारगृहातून एक पॅनकेक आणला (पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचा गुबगुबीत भाऊ) आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे उंचवटे मोजले. पूर्ण सपाटीला १ गुण धरला, तर पॅनकेकला मिळाले ०.९५७ आणि कॅन्ससला ०.९९९७! ‘ॲनल्स ऑफ इम्प्रॉबेबल रिसर्च’ या विनोदी विज्ञानपत्रिकेत हा ‘शोध’ झळकला आणि कॅन्ससवाल्यांना तोंड दाखवायला जागा उरली नाही.

पण तेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. राज्याच्या भूशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी हसतच निदर्शनास आणले, की या मापाने पृथ्वीवरचे सगळेच पॅनकेकपेक्षा सपाट ठरते. खरेच आहे. त्या चिमुकल्या पॅनकेकवरचे फुगे राज्याएवढे मोठे केले, तर हिमालयसुद्धा त्यांच्यापुढे ठेंगणा पडेल.

खरे उत्तर मिळायला २०१४ साल उजाडावे लागले. कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेरोम डॉब्सन आणि त्यांचे सहकारी जोशुआ कॅम्पबेल यांनी धिरड्याचा नाद सोडला आणि साधा प्रश्न विचारला : उभ्या माणसाला जमीन किती सपाट दिसते? देशाच्या मुख्य भूमीचे ९० मीटरचे तुकडे पाडून, प्रत्येक ठिकाणाहून १६ दिशांना, ५३१० मीटर अंतरापर्यंत संगणकाने नजर टाकली. निकाल लागला तेव्हा सर्वांत सपाट राज्य ठरले फ्लोरिडा! दुसरे इलिनॉय. कॅन्ससचा नंबर चक्क सातवा. फ्लोरिडाला मात्र कुणी चिडवत नाही. तिथे लोक समुद्र बघायला जातात ना!

शेजारच्या कोलोरॅडोला आपल्या उत्तुंग डोंगरांचा मोठा तोरा. त्यांच्यासाठीही कॅन्ससकडे एक चपराक आहे. कोलोरॅडोतली सर्वांत सखल जागा (१०११ मीटर) याच सरहद्दीवर आहे आणि कॅन्ससचे ‘शिखर’ माउंट सनफ्लॉवर तिच्याहून २२० मीटर उंच! अर्थात हे शिखर म्हणजे एका खासगी कुरणातला किंचित उंचवटा. मोटार थेट वर जाते. माथ्यावर रुळांच्या खिळ्यांपासून बनवलेले सूर्यफूल उभे आहे आणि जवळच्या पाटीवर लिहिले आहे, की १८९७ मध्ये या जागी काहीही घडले नाही. स्वतःची अशी थट्टा करणाऱ्याला आणखी कोण काय चिडवणार?

या शिखरापासून आग्नेय टोकापर्यंत कॅन्सस हजारभर मीटर खाली उतरते. पण उतार इतका सावकाश, की पायाला कळत नाही. रॉकी पर्वतातून नद्यांनी आणलेल्या गाळाने पश्चिमेचे मैदान भरून काढले आहे.

या सपाटीची किंमत मात्र गवताने मोजली. नांगर अडवायला काही नव्हतेच. पुरुषभर उंचीच्या गवताचा जो पट्टा एकेकाळी मध्य अमेरिकेत पसरला होता, त्याचा आज चार टक्केही भाग उरलेला नाही. पश्चिमेकडे गवत गेले, मुळांनी धरलेली माती मोकळी झाली आणि १९३० च्या दशकातल्या दुष्काळात ती धुळीची वादळे होऊन उडाली. पुढे पंपांनी जमिनीखालचे ओगलाला जलसाठे उपसायला सुरुवात झाली. काही भागांत पाणी ३० मीटरहून अधिक खाली गेले आहे.

जे उंच गवत वाचले, त्यातले बहुतेक पूर्व कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये. होय, ‘सपाट’ कॅन्ससमध्ये टेकड्या आहेत, मैलच्या मैल! चुनखडीत गारगोटी इतकी, की नांगराचे फाळ टिकेनात. शेतकऱ्यांनी कंटाळून जमीन गुरांना सोडून दिली. १९९६ मध्ये इथल्या सुमारे ४४०० हेक्टरांवर राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले.

दर वसंतात गुराखी मुद्दाम हे जुने गवत पेटवतात. या भूमीवरचे मूळ रहिवासी कान्सा आणि ओसेज हेच करत. रात्री टेकड्यांच्या कडांवरून आगीच्या रेषा सरकत जातात आणि थोड्याच दिवसांत काळ्या उतारांवर कोवळे हिरवे कोंब दिसू लागतात. हे बघायला आता लांबून लोक येतात. त्यासाठी मोटार मात्र हमरस्त्यावरून खाली उतरवावी लागते.