मोसंबीची बाग लावण्यापूर्वी

मोसंबीची बाग लावावी असे मनात आले, की पहिली चौकशी होते ती रोपांची. रोप कुठले आणावे, केवढ्याला पडेल, जात कोणती घ्यावी? प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. ज्वारी फसली तर एक हंगाम बुडतो. बागेचे तसे नाही. मोसंबीला चांगले फळ धरायला पाचएक वर्षे जातात, आणि जागा चुकली की पाणी चुकले हे तेव्हा कळते. तोवर जमीन, पैसा आणि घरच्या माणसांचे कष्ट त्यात अडकलेले असतात. म्हणून लागवडीच्या आधी पुरते एक वर्ष तयारीला द्यावे, आणि ती तयारी विहिरीपासून सुरू करावी.

मराठवाड्यातल्या मंडळींना याचे कारण सांगायला नको. 2012 साली पाऊस कमी झाला आणि 2013 च्या उन्हाळ्यात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या भरल्या बागा वाळल्या. कुणी टँकरचे विकतचे पाणी घालून झाडे जगवली, कुणाला कुऱ्हाड लावावी लागली. निगा चांगली ठेवणाऱ्यांच्या बागाही त्यात गेल्या. झाडाला उन्हाळ्यात उधारी चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आता विहीर मोजायची कशी? दिवाळीत विहीर तुडुंब दिसते, त्या पाण्यावर जाऊ नका. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात एके दिवशी सकाळी मोटार लावून विहीर उपसून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोटार सुरू करा आणि पाणी किती वेळ चालते ते घड्याळात बघा. दोनशे लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते तेही पाहा. समजा, पिंप 40 सेकंदांत भरले आणि मोटार तासभर चालली. म्हणजे सेकंदाला 5 लिटर, तासाला 18,000 लिटर. ही तुमच्या विहिरीची मे महिन्यातली रोजची कमाई.

यातला चौथा हिस्सा घर, गुरे आणि थोडा चारा यांसाठी बाजूला काढा. उरले 13,500 लिटर. पूर्ण वाढलेल्या मोसंबीला ठिबकने पाणी दिले तरी ऐन उन्हाळ्यात रोज 100 लिटरांच्या वर लागते. हिशेबाला 120 लिटर धरू. झाडाचा घेर मोठा किंवा जमीन हलकी असली तर जास्तही लागेल. 13,500 ला 120 ने भागले, की उत्तर येते 112 झाडे. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर एकरी साधारण 111 झाडे बसतात. म्हणजे या विहिरीवर बाग एक एकराचीच. शेजारी चार एकर रिकामे पडले असले तरी एकच! लहान रोपाला पाणी थोडे लागते, आणि नेमका तिथेच माणूस फसतो. पहिल्या वर्षी विहीर चार एकरांना पुरते, आठव्या वर्षी एकालाही जड जाते.

बरे, हे मोजमाप बऱ्या पावसाच्या वर्षातले असेल तर अवर्षणात काय? त्यासाठी शेततळ्याचा विचार करा. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल, उतरत्या काठांचे शेततळे सुमारे 20 ते 22 लाख लिटर पाणी धरते. तळाला प्लॅस्टिकचा कागद हवा, नाहीतर पाणी मुरून जाते. एका एकराला रोजचे सव्वातेरा हजार लिटर, शंभर दिवसांचे सव्वातेरा लाखांच्या वर. ऊन-वारा आपला वाटा घेतोच, तो सोडून ताळमेळ जेमतेम बसतो. पावसाळ्यात तळे भरून ठेवले तर ते एका एकराला वाईट उन्हाळ्यातून काढील. दोन एकरांना नाही.

पाण्यानंतर जमीन. काळीभोर, खोल जमीन बघून पुष्कळांना मोह होतो. पण जी जमीन पावसाळ्यात चिबडते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते, ती मोसंबीच्या मुळांना मानवत नाही. मुळाशी पाणी साचले, की मुळकूज आणि डिंक्या रोग आलाच. मध्यम पोताची, मीटरभर खोलीची, खाली निचऱ्याचा मुरूम असलेली जमीन उत्तम. शेतात दोन-तीन ठिकाणी कमरेइतका खड्डा घेऊन मातीचे थर पाहा. पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पाणी किती दिवस उभे राहते तेही बघा. हा खड्डा तुम्हांला जे सांगेल ते कुणी सल्लागार सांगणार नाही. फुटाफुटावरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासणीला द्या. पिकासाठी वरची वीतभर माती पुरते, फळझाडाला खालचीही कळली पाहिजे. अहवालात मुक्त चुना 10 टक्क्यांच्या वर दिसला तर ती जागा मोसंबीला सोडून द्यावी. झाडे पिवळी पडतात आणि औषधपाण्याने सुधारत नाहीत.

इतके जमले, की मग रोपाकडे वळा. आपल्या राज्यात फळरोपवाटिकांना परवाना लागतो. तसा कायदा 1969 पासून आहे. परवाना आणि पावती पाहूनच रोपे घ्या, आणि सांगून ठेवा सहा-आठ महिने आधी. रंगपूर लिंबाच्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा भरलेले, निरोगी मातृवृक्षाचे रोप मागा. डोळा फार खाली असेल तर तो मातीला टेकतो आणि डिंक्याला वाट मिळते. जातीबद्दल बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घ्यावा.

खड्डे उन्हाळ्यात घ्यावेत, अडीच फूट लांब, रुंद आणि खोल. आणि ते उन्हात चांगले तापू द्यावेत. पावसाच्या तोंडाला वरची पोयट्याची माती, दोन घमेली कुजलेले शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि अर्धा ते एक किलो सुपर फॉस्फेट यांनी भरावेत. माती पुढे दबते, म्हणून भर थोडी उंचच ठेवा. एक-दोन पाऊस झाले, की रोप लावा, आणि डोळ्याची जागा मातीच्या वर राहील हे स्वतः उभे राहून बघा. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बांधाला शेवरीसारखे वारा अडवणारे झाड वर्षभर आधी लागलेले असावे.

राहिला पैशाचा प्रश्न. फळ नसलेल्या वर्षांत घर कशावर चालेल, याचा हिशेब कागदावर मांडा. मधल्या जागेत मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन घेता येते. वांगी, टोमॅटो मात्र नकोत, त्यांचे रोग मोसंबीच्या मुळांपर्यंत पोचतात. सरकारी अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते आणि झाडे जगलेली दाखवावी लागतात. तेव्हा ते आधाराला धरा, भांडवलाला नको. अर्ज मात्र लागवडीच्या आधी करावा. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.

पुष्कळांना वाटेल, एक एकर म्हणजे ती काय बाग? पण पाण्याच्या मापाने लावलेला एक एकर वीस वर्षे फळ देतो, आणि हौसेने लावलेले चार एकर एका उन्हाळ्यात जळणाच्या भावाने जातात. पुढे पाणी वाढले तर बागही वाढवता येईल, जमीन काही पळून जात नाही. तेव्हा येत्या मे महिन्यात एक पिंप आणि एक घड्याळ घेऊन विहिरीवर जा. आकडा वहीत लिहून ठेवा, आणि मगच रोपांची संख्या ठरवा.